डब्यात थोडे ऊन भरून ठेवा

सुक्याबरोबर ओले जळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. वाचकहो, पावसाळ्यात घराघरांत याच्या उलट घडते. तिथे ओल्याबरोबर सुके नासते. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की आपण पेरणीच्या गडबडीत असतो. तेवढ्यात माळ्यावरच्या डब्यात, फडताळातल्या पेटीत, शिंकाळ्यातल्या पिशवीत ओल शिरते. ती पाय वाजवीत येत नाही. दसऱ्याला शस्त्रे पुजायला काढावीत तर कलमाच्या चाकूवर गंज चढलेला, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांना बुरशीचे ठिपके पडलेले, बॅटरीतील सेल फुटून आतला डबा हिरवा झालेला. या सगळ्याहून मोठे नुकसान बियाण्याचे. वरून बी जसेच्या तसे काळेभोर दिसते, पण आतला जीव गेलेला असतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्याकडे कांद्याचे बी घरीच धरतात. डोंगळ्याचे गोंडे खुडायचे, वाळवायचे, मळायचे, पाखडायचे आणि बी कापडी पिशवीत भरून स्वयंपाकघरात शिंकाळ्याला टांगायचे, अशी आईची रीत. एप्रिल-मेमध्ये निघालेले बी आख्खा पावसाळा तिथे राहायचे आणि हस्त-चित्राच्या सुमारास गादीवाफ्यावर पडायचे. वर्षानुवर्षे उगवण चांगली झाली. २०१३ साली घरात गॅस आला आणि चूल परसात गेली. पिशवी मात्र होती तिथेच टांगली. त्या वर्षी तीन किलो बी टाकले. एक एकर लागणीच्या बेताने ते पुष्कळ होते. बारा दिवस झाले तरी वाफ्यावर कुठे चार काड्या, कुठे दोन, बाकी माती उघडीच.

बोल आला वहिनीवर. आई म्हणाली, "सुनबाई, ओल्या हातानं पिशवी उघडली असशील." वहिनी बिचारी म्हणाली, "नाही हो आत्याबाई, मी पिशवीला हातसुद्धा लावला नाही." दादाने बाजारातून चढ्या भावाने बी आणले, रोप तीन आठवडे मागे पडले, आणि पुढे दिवाळीपर्यंत घरात त्या पिशवीचाच विषय. पुढे मला उलगडा झाला, तेव्हा वहिनीपुढे मान खाली घालावी लागली. ओल्या हाताचा त्यात काही दोष नव्हता. शिंकाळ्याखालची धग गेली होती. चूल रोज दोन वेळा पेटायची आणि नकळत ते बी रोज दोन वेळा सुकवायची. गॅसने स्वयंपाक होतो, पण छताखालची हवा तशी कोरडी राहत नाही. उलट भात-भाजीची वाफ वर जाऊन पिशवीला लागते. आईची रीत चुकीची नव्हती. त्या रीतीचा अर्धा भाग घरातून निघून गेला होता आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

तेव्हा ज्यांच्या घरातली चूल गेली आहे त्यांनी ही धग दुसऱ्या कोणत्या रूपाने डब्यात ठेवायची, ते आज पाहू.

हवा पाणी कुठे लपवते?

हवेत वाफेच्या रूपाने पाणी असते. तीस अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावते. पावसाळ्यात ही जागा बहुतेक भरलेलीच असते. कोरडी वस्तू अशा हवेत ठेवली की ती ओल ओढून घेते. भाजलेला पापड तासाभरात मऊ पडतो, तसेच बियाण्याचे, कागदाचे, कापडाचे होते. हवेची सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज भराभर चढतो, आणि साधारण तिथूनच थोडे पुढे बुरशीला बळ येते. म्हणून डब्यातली आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली ठेवली की आपले बहुतेक काम झाले.

आता एक हिशेब करा. वीस लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत पाणी किती? जेमतेम अर्धा ग्रॅम. मग भीती कसली? भीती दोन गोष्टींची. एक, झाकण सैल असेल तर हा अर्धा ग्रॅम पुन्हापुन्हा आत येत राहतो. दुसरी, आत ठेवलेल्या वस्तूच ओल्या असतात. एक किलो बियाण्यात बारा टक्के ओल असेल आणि ती सात टक्क्यांवर आणायची असेल, तर सुमारे ५४ ग्रॅम पाणी बाहेर काढावे लागते. म्हणजे डब्यातल्या हवेच्या शंभरपट पाणी बियाण्याच्या पोटात असते. यावरून पहिला धडा घ्यायचा, की आधी वस्तू सुकवा आणि मगच डबा बंद करा. ओली वस्तू डब्यात कोंडणे म्हणजे चोराला आत घेऊन दाराला कडी लावणे.

बियाण्याच्या बाबतीत तर एकेक टक्का मोलाचा आहे. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम जगभर वापरतात. पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान बियाण्यातली ओल एक टक्क्याने उतरली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीची उष्णता पाच अंशांनी उतरली तरी तसेच. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी असते. आपल्याकडे प्रमाणित कांदा बियाण्याला साध्या पिशवीत आठ टक्के आणि हवाबंद डब्यात सहा टक्के ओलीची मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही. हवाबंद डब्यात ओल कोंडलेली राहते, म्हणून तिथे बी अधिक कोरडे लागते.

ओल पिणाऱ्या वस्तू

कळीचा चुना. ही आपली जुनी, स्वस्त आणि जोरकस वस्तू. भट्टीतून आलेली ताजी चुनकळी आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा पाणी ओढून घेते आणि फुलून भुकटी होते. पानाला लावायचा चुना इथे उपयोगाचा नाही, तो आधीच पाणी प्यालेला असतो. मातीच्या वाडग्यात तिसरा हिस्साच चुनकळी भरा, कारण ती फुगते. वरून कापड बांधा आणि वाडगे डब्याच्या तळाशी ठेवा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नका, ओला चुना ते खातो. चुनकळीवर पाण्याची धार पडू देऊ नका. ती इतकी तापते की शेजारचा कागद-कापूस पेटू शकतो. लहान मुलांपासून दूर ठेवा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. चुनकळी फुलून गेली की ती घरी पुन्हा कोरडी करता येत नाही, त्याला भट्टीच लागते. पण वाया काही जात नाही. भुकटी भिंतींच्या सफेदीला कामी येते.

भाजलेला तांदूळ. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायची रीत घरोघरी आहे. तांदूळ कढईत मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजून घ्या, झाकणाच्या डब्यात गार करा आणि पुरचुंडी बांधून ठेवा. न भाजलेल्या तांदळात पावसाळ्यात आधीच तेरा-चौदा टक्के ओल असते, तो आणखी काय पिणार? तांदळाची ताकद थोडी, पण घरात दुसरे काही नसेल तेव्हा भाजीपाल्याच्या मूठभर बियाण्याला तो उपयोगी पडतो. पंधरा दिवसांनी पुन्हा भाजावा.

कोळसा आणि राख. ताजा कोरडा कोळसा थोडी ओल धरतो. कडधान्यात गोवरीची राख मिसळायची जुनी रीतही चांगली आहे, पण तिचा मोठा उपयोग भुंगेऱ्याविरुद्ध. हवा कोरडी राखायला या दोघांवर फार भिस्त ठेवू नये.

सिलिका जेल. औषधाच्या बाटलीत, नव्या बुटांच्या खोक्यात, मोबाईलच्या पेटीत जी छोटी पुडी निघते आणि जिच्यावर "खाऊ नये" असे लिहिलेले असते, ती बहुधा हीच. हे वाळूच्या जातकुळीचे काचेसारखे मणी. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांनी ते बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१९ साली घेतले. मणी वरून गुळगुळीत दिसतो, पण आत असंख्य बारीक छिद्रे असतात. एक ग्रॅम मण्यांतल्या छिद्रांची अंतर्गत पसरणी काढली तर ती शेकडो चौरस मीटर भरते, म्हणजे आपल्या घराच्या खळ्याहून मोठी. या पसरणीला वाफ चिकटून बसते. मणी विरघळत नाही, चिकट होत नाही, पाणी टपकवत नाही. तापवला की प्यालेले पाणी सोडून देतो आणि पुन्हा कामाला लागतो. वर्षानुवर्षे वापरता येणारी वस्तू असल्याने खर्च एकदाच होतो.

दुकानात लटकवायच्या पिशव्याही मिळतात, ज्यांच्या तळाशी पाणी साठते. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. कपाटाला ठीक, पण त्याचे खारे पाणी लोखंडाला खाते. हत्यारांच्या पेटीत त्यांना थारा देऊ नका. खाऊच्या काही पुड्यांत लोहचूर्ण असते. लोहचुंबक लावून पाहा. पुडी चिकटली तर ती हवेतला प्राणवायू शोषणारी आहे, ओलीची नव्हे. ती तापवून काही मिळणार नाही.

मणी पुन्हा कोरडे कसे करायचे?

हा आजच्या लेखाचा गाभा. पुष्कळजण पुड्या जमवतात आणि तशाच डब्यात टाकतात. अहो, घरात महिनाभर उघडी पडलेली पुडी पोटभर पाणी प्यालेली असते. ती डब्यातली ओल ओढणार नाही, उलट आधीच सुकलेल्या वस्तूला आपली ओल देईल! म्हणून आधी तापवायची आणि मग ठेवायची.

पुडी प्लास्टिकची असेल तर ती तशीच तापवू नका. फोडून मणी बाहेर काढा. जाड लोखंडी कढईत दोन बोटे कोरडी वाळू घाला, वाळूवर स्टीलची ताटली ठेवा आणि तिच्यात मणी एका-दोन थरांत पसरा. खाली मंद आच. चुलीचा विझत आलेला आर असेल तर फार उत्तम. एकशे दहा ते एकशे वीस अंशांची उष्णता हवी. थर्मामीटर नसेल तर ताटलीच्या कडेला पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो चर्रकन आवाज करून आटला तर आच बरोबर. थेंब मोत्यासारखा नाचू-पळू लागला तर ताप फार झाला, आच उतरवा. थेंब मण्यांवर पडू देऊ नका, कोरडा मणी पाण्याने तडकतो. मधूनमधून हलवीत दीड-दोन तास ठेवा. दारे-खिडक्या उघड्या असू द्या. ही कढई आणि ताटली स्वयंपाकाला पुन्हा घेऊ नका.

मणी सुकले हे ओळखायचे कसे? निळे मणी असतील तर ओल प्याल्यावर ते गुलाबी होतात आणि सुकल्यावर पुन्हा निळे. पण हा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा. ते शरीराला घातक आहे, म्हणून निळे मणी धान्य, मसाला आणि मुले यांच्यापासून लांब ठेवावेत. ते फार तापवले तर काळे पडतात आणि रंगाची खूण मरते. हल्ली केशरी मणीही मिळतात, ते ओलीने हिरवे होतात. पांढरे मणी रंग बदलत नाहीत. त्यांच्यासाठी काटा हाच साक्षीदार. तापवताना अर्ध्या-अर्ध्या तासाने तोला. वजन उतरायचे थांबले की मणी कोरडे झाले.

गरम मणी लगेच स्टीलच्या डब्यात ओतून झाकण लावा आणि त्यातच गार होऊ द्या. उघड्यावर गार करायला ठेवले तर तेवढ्यातच ते हवेतले पाणी पिऊ लागतात. काचेच्या बाटलीत गरम मणी ओतू नका, बाटली तडकते. गरम मणी बियाण्याशेजारी तर कधीच नकोत.

आता एक सोपी युक्ती, जी आमच्या वहिनीने काढली. धुतलेल्या सुती कापडाची पोटली शिवा, तिच्यात शंभर ग्रॅम कोरडे मणी भरा आणि भरल्या पोटलीचे वजन तिच्यावरच पेनाने लिहा. दर पंधरा दिवसांनी पोटली काट्यावर ठेवा. वीस ग्रॅमनी वजन वाढले की तापवायची वेळ झाली. पंधरा दिवसांतच वजन इतके वाढले, तर मण्यांना दोष देऊ नका. झाकण हवा घेते आहे किंवा आतली वस्तू ओली आहे. अशी पोटली शोषकही होते आणि राखणदारही.

उन्हात मणी सुकतात का, असे कोणी विचारील. वैशाखातल्या कडक, कोरड्या उन्हात थोडे सुकतात, पण अर्धवटच. आणि पावसाळ्यात, जेव्हा खरी गरज, तेव्हा ऊन कुठले?

डबा आणि त्याचे झाकण

पत्र्याची कोठी धान्याला ठीक, पण ती हवाबंद नसते. रबरी कड्याचा स्टीलचा डबा, नाहीतर घट्ट आट्यांची बरणी घ्या. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ हळूहळू आत शिरतेच. साध्या डब्याच्या झाकणावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची रुंद चकती कापून ताणून बसवा किंवा फटीला मेण लावा. परीक्षा अशी करावी: आत कोरडा कागद ठेवून झाकण लावा आणि डबा क्षणभर बादलीतल्या पाण्यात दाबा. बुडबुडे आले की समजा हवेचीही वाट आहे.

कांद्याच्या बियाण्याची रीत सांगतो. बी सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि नंतर सावलीत वाळवा, भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर पसरू नका. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. मेच्या कोरड्या हवेत बी नीट वाळले असेल, तर किलोला शंभर ग्रॅमची एक पोटली पुरते. शंका असेल तर बियाण्याच्या वजनाइतकेच कोरडे मणी कापडी पिशवीत घालून ते आठवडाभर बियाण्यासोबत कोंडा. मग ती पिशवी काढून छोटी पोटली ठेवा आणि पुन्हा पेरणीपर्यंत डबा उघडू नका. दोन-चार किलो मणी बचत गटाने मिळून घेतले, तर एकामागून एक सगळ्यांचे बी सुकते. मात्र हरभरा, मूग, गवार, भेंडी यांच्यावर हा जोर करू नये. फार कोरडे झालेले कडधान्याचे बी टणक होते, पाणी घेत नाही किंवा त्याची साल तडकते. भुईमुगाचे बी शेंगेतच ठेवावे.

कागदपत्रे, फोटो, कानाचे यंत्र, छोटा रेडिओ, विजेचे टेस्टर, जनावरांच्या इंजेक्शनच्या सुया, कलमाचा चाकू, शिवणयंत्राचे सुटे भाग यांना एक वेगळा डबा करावा. सेल काढून ठेवा. लोखंडाला आधी तेलाचा हात फिरवा. मणी हे तेलाच्या जागी नाहीत, त्याच्या जोडीला आहेत. फवारणीच्या पंपाला मण्यांचा काही उपयोग नाही. त्याला धुणे, निथळवणे आणि तेल एवढेच हवे. भजनी मंडळाची पेटी आणि तबला मण्यांसोबत कोंडू नका, फार कोरड्या हवेत लाकूड आणि चामडे तडकते. त्यांना जमिनीपासून उंच, वाऱ्याची जागा बरी. पाण्यात पडलेला मोबाईल तांदळात पुरला की बरा होतो, हा समजही सोडून द्या. तो बंद करा, चार्जिंगला लावू नका, पुसून वाऱ्यावर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा.

धान्यासाठी एक जुनी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे भाजून कोरडे केलेले मीठ घाला. तीन मिनिटे हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ बाटलीला चिकटले तर धान्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे, ते साठवू नका, आणखी वाळवा.

आणि कितीही काळजी घेतली तरी वाफ्यावर टाकण्याआधी शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि बारा दिवस ओलावा राखून पाहा. सत्तरच्या आत मोड आले तर ते बी चांगल्यात धरू नये. मग आणखी बी घ्यायचे की नवे आणायचे, हे वेळीच ठरवता येते. हे वाफा तयार व्हायच्या पंधरा दिवस आधी करावे. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

आमच्याकडे आता वहिनीच्या हातचा स्टीलचा डबा असतो. आत चिठ्ठी असते, तिच्यावर बी भरल्याची तारीख आणि पोटलीचे वजन. आईला अक्षर लागत नाही, पण पंधरवड्याला पोटली काट्यावर ठेवायची आठवण तीच करून देते. मागे एकदा पोटली तापवीत असताना आई कढईशेजारी बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "सुनबाई, त्या वर्षी मी उगीच बोलले गं तुला." वहिनी काही बोलली नाही. तिने फक्त आच थोडी उतरवली.

वाचकहो, तुमच्या घरात एखादी जुनी रीत अचानक फसली असेल, तर कोणाच्या हाताला दोष देण्याआधी घरात काय बदलले ते आठवून पाहा. आणि रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, ऊन आहे तोवर, डब्यांची झाकणे एकदा तपासून घ्या.